प्रकल्पाचा विषय कुठून येतो

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या कोंढ्यात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात शाळकरी मुलांना प्रकल्पाचे विषय विचारा. जलप्रदूषण, सौरऊर्जा, झाडे लावा झाडे जगवा, ज्वालामुखी अशी उत्तरं येतील. वह्या उघडल्या तर अक्षरं वेगळी, मजकूर तोच. यात मुलांचा दोष काढण्यात अर्थ नाही. प्रकल्प जमा करायची तारीख आली की विषय विचारला जातो, मग दुकानातून चित्रांचा तक्ता येतो, मोबाइलवरून मजकूर उतरतो आणि वही रंगते. ‘हा विषय तू का घेतलास?’ हे मात्र त्या मुलाला कुणी विचारत नाही.

आता हाच प्रश्न नव्या नावानं आपल्याकडे येतो आहे. मोठ्या शहरांतल्या शाळांत ‘पॅशन प्रोजेक्ट’ हा शब्द रुळला आहे. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाच्या माध्यमिक टप्प्याच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या विषयावर ‘पर्सनल प्रोजेक्ट’ करावाच लागतो. फिनलंडनं २०१६ पासून वर्षातून किमान एक बहुविषयी अभ्यासघटक सक्तीचा केला आणि त्याच्या आखणीत मुलांना सामील करून घेतलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ शिकावं अशी कल्पना आहे. या सगळ्याच्या मुळाशी एकच अपेक्षा आहे: मुलानं आपल्या जिवाभावाचा विषय निवडावा. ती रास्तच आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाला जिवाभावाचा विषय सापडतो कसा, याचं उत्तर शोधायला शंभर वर्षांचे प्रयत्न आणि आपल्याच पायाखालची जमीन दोन्ही पाहायला हव्यात.

‘प्रकल्प पद्धती’ हा शब्द जगभर पोचवला तो विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं, १९१८ मधल्या त्याच्या निबंधातून. मूल मनापासून आणि हेतूनं जे करतं तोच खरा प्रकल्प, असं त्याचं म्हणणं. त्याचेच गुरू जॉन ड्यूई यांनी वीस वर्षांनी, १९३८ साली, ‘अनुभव आणि शिक्षण’ या अर्थाच्या पुस्तकात एक महत्त्वाची गाठ सोडवून दाखवली. नुसती इच्छा म्हणजे हेतू नव्हे. समोरची परिस्थिती नीट पाहिली, आधी काय घडलं ते जाणून घेतलं आणि या दोन्हींचा मेळ घालून निर्णय केला की इच्छेचा हेतू होतो. या कामात शिक्षकानं बाजूला उभं राहून चालत नाही. आज विषयनिवडीवर जे लिहिलं-बोललं जातं त्यात पहिली इच्छा विचारून थांबायचीच चूक जास्त दिसते. ‘तुला काय आवडतं?’ मुलगा म्हणतो, ‘क्रिकेट’. झालं, विषय ठरला!

आपल्याकडे याच सुमारास वर्ध्यात वेगळा विचार झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम केला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. त्या प्रांतात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना याच विचाराचा हात धरून आली. ‘नई तालीम’ नावाच्या या शिक्षणात मूल विषय निवडत नसे. विषय परिसर ठरवायचा, सूत, शेती, स्वयंपाक यांतून गणित आणि विज्ञान निघायचं. सेवाग्रामची ‘आनंद निकेतन’ शाळा २००५ पासून पुन्हा हे काम करते आहे. या वाटेचं मोठं देणं असं की हाताला काम मिळालं की डोक्याला प्रश्न पडतात. पण तिच्यातला धोकाही तितकाच खरा आहे. सुताराच्या मुलाच्या हाती शाळेनं पुन्हा रंधाच द्यायचा का? पिढ्यान्‌पिढ्या जातीनं ठरवलेलं काम ज्यांच्या वाट्याला आलं, त्या घरांतल्या आईबापांना ही भीती वाटणं अगदी साहजिक होतं. आजही ‘स्थानिक विषय घ्या’ असं सांगणाऱ्यानं ही भीती विसरू नये.

पुढच्या काळात लहानलहान शाळांनी यातून मार्ग काढला. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या ‘सृजन आनंद विद्यालया’त मुलांच्या प्रश्नांवरून उपक्रम आकाराला यायचे. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला. गावाला जे लागतं ते मुलांनी तयार करायचं आणि त्यातून शिकायचं, हे तिथलं सूत्र पुढे मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमातून कितीतरी माध्यमिक शाळांपर्यंत पोचलं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. त्यात ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला मुलं पत्रं लिहायची, मनात येईल तो प्रश्न विचारायची, आणि त्यांना उत्तरं जायची. मला या सगळ्या यादीत सवालीराम सर्वांत मोलाचा वाटतो. विषय निवडायच्या कितीतरी आधी प्रश्न विचारायची सवय लागावी लागते, आणि आपल्या प्रश्नाला कुणीतरी उत्तर देतं हा भरवसाही वाटावा लागतो.

सरकारी आणि स्पर्धेच्या वाटाही आहेत. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरते. १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन अभ्यास करतात. तिथे एक मुख्य सूत्र दिलेलं असतं. २०२२-२३ चं सूत्र आरोग्य आणि कल्याणासाठी परिसंस्था समजून घेण्याचं होतं. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बाल वैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे; सहावी आणि नववीची मुलं तिच्या शेवटच्या टप्प्यांत दिलेल्या सूत्रावर कृती-संशोधन करतात. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाच्या कल्पनेसाठी १० हजार रुपये मिळतात. आणि प्रत्येक शाळेत पोचलेली वाट म्हणजे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं आलेलं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. त्याच्या आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत ‘प्रकल्प’ हे एक साधन आहे. प्रकल्प घरोघरी पोचला तो या निर्णयामुळे, आणि गुणांचा रकाना भरण्यापुरता उरला तोही बऱ्याच अंशी याच वाटेनं. शिक्षकापुढे पटावर साठ मुलं असली तर साठ वेगळ्या प्रकल्पांना वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न निर्णयाच्या कागदावर सुटत नाही.

संशोधन काय सांगतं? २०१८ मध्ये ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आवड ही आपल्या आत आधीच तयार असते आणि ती फक्त शोधायची असते, असं मानणारी माणसं अडचण आली की लवकर सोडून देतात, आणि आपल्या क्षेत्राबाहेरच्या गोष्टींत त्यांना रसही कमी वाटतो. आवड घडवावी लागते असं मानणारे जास्त टिकतात. हिडी आणि रेनिंगर यांनी २००६ मध्ये आवडीचे चार टप्पे मांडले. पहिला टप्पा म्हणजे बाहेरच्या कशानं तरी चाळवलं जाणं, आणि शेवटचा म्हणजे माणसाची स्वतःची, टिकाऊ ओढ. मधल्या टप्प्यांत कुणाची तरी साथ लागते.

निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल शीना आयंगार आणि मार्क लेपर यांचे दोन अभ्यास मला फार महत्त्वाचे वाटतात. एकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जादा गुणांसाठी निबंध लिहायचा होता. काहींना सहा विषय दिले, काहींना तीस. सहा विषयवाल्यांपैकी ७४ टक्के विद्यार्थ्यांनी निबंध लिहिला, तीसवाल्यांपैकी ६० टक्के. आणि सहावाल्यांचे निबंधही जास्त चांगले होते. दुसऱ्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोऱ्या अमेरिकी मुलांनी स्वतः निवडलेल्या कोड्यांवर सर्वांत चांगलं काम केलं, तर आशियाई कुटुंबांतल्या मुलांनी ‘हे तुझ्या आईनं निवडलं आहे’ असं सांगितलेल्या कोड्यांवर. म्हणजे ‘माझा विषय’ याचा अर्थ ‘मी एकट्यानं ठरवलेला विषय’ असाच घ्यायची गरज नाही. ज्या माणसाशी जीव जोडलेला आहे, त्याच्याकडून आलेला विषयही माझा होतो. आपल्या घरांत हे रोज दिसतं. मात्र मुलीचा विषय घरच्यांनी ठरवला आणि तो तिला परकाच राहिला, हेही आपल्या घरांत रोज दिसतं. म्हणून सुचवणारा कोणीही असो, नाही म्हणायची मोकळीक मुलाच्या हाती हवी.

आता कोंढ्याकडे वळू. हा धानाचा मुलूख आहे, म्हणून ‘धान’ हा विषय मुलं सहज घेतात, आणि मग पुस्तकातला मजकूर उतरवतात, कारण धान हा विषय म्हणून फार मोठा आहे. समजा, सातवीतल्या मुलीच्या घरी कापणी झाली आहे. कडपा बांधीत पडला आहे, अवकाळी पाऊस आला, घाईघाईनं पेंढ्यांचं पुंजणं रचलं, वर ताडपत्री टाकली. पंधरा दिवसांनी चुरणी, म्हणजे मळणी झाली आणि धान खरेदी केंद्रावर नेलं तर ओलाव्यावरून अडलं. आधारभूत खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. घरात त्या रात्री काय बोलणं झालं ते त्या मुलीनं ऐकलेलं असतं. तिला ‘आवडता विषय कोणता’ विचारलं तर ती धान म्हणणार नाही. पण ‘यंदा घरात कशाची काळजी होती?’ असं विचारलं, तर पुंजण्याचं ओलं धान तिच्या तोंडून येईल.

मग पुढचं पुंजणं रचलं की तिला विचारायचं, पुंजण्यात ओल धरते कुठे? आजी लोंब्या आतल्या बाजूला ठेवून पेंढ्या का रचते? वरची, मधली आणि खालची पेंढी घेऊन मूठ-मूठ धान काढावं, किराणा दुकानातल्या छोट्या काट्यावर तोलावं, उन्हात वाळवून पुन्हा तोलावं. दर दोन-तीन दिवसांनी हेच करावं. उन्हात सगळी ओल जात नाही, म्हणून यातून ओलाव्याची खरी टक्केवारी मिळत नाही. तिन्ही ठिकाणची तुलना मात्र मिळते. हे तिला सांगणं शिक्षकाचं काम. आठवड्याभरात तिच्याजवळ एक छोटा तक्ता येतो, जो कुठल्याही पुस्तकात नाही. तो पाहायला वडीलही येतील, कारण त्यात त्यांच्या घामाचा पैसा अडकलेला आहे. मुलानं स्वतः मिळवलेली माहिती, ती पाहायला आतुर असलेलं कुणीतरी, आणि एका माणसाला झेपेल एवढा लहान प्रश्न या तीन गोष्टी जुळल्या की विषयात जीव येतो. आवड त्यानंतर येते.

तलावाचंही तसंच. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाचं हे मोठं काम. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभालीची जुनी व्यवस्था मोडली. एकाच वर्गातल्या मुलांना एकाच तलावात वेगवेगळे विषय आहेत. ढिवराच्या घरच्या पोराला मरळ आणि शिंगूर कुठे सापडतात ते ठाऊक असतं, कुणाच्या घरचे शिंगाडे तिथून येतात, कुणाच्या बांधीला शेवटचं पाणी मिळत नाही म्हणून घरात भांडण असतं. तुडुमातून पाणी कसं सुटतं, पाळ कुठे खचली, बेशरमाचं बेट किती पुढे आलं, हे पायी फिरून पाहता येतं. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजासोबत तलावांतलं बेशरम काढून जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं. त्यात माशांची आणि वनस्पतींची माहिती मुख्यतः मासेमारांकडूनच आली. शाळेत ज्या मुलाला मागच्या बाकावर बसवलं जातं, त्याच्या बापाजवळ हे ज्ञान असू शकतं. ते वर्गात आलं तर बाकांची उतरंडही थोडी बदलेल.

बाकीच्या विषयांचा उल्लेख भराभर करतो. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उजेडात आला. मुचलिंद नागाचं शिल्प तिथलंच. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला ‘जय’ वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला, त्याच्या गोष्टी अजून निघतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री खडी गंमत आणि झाडीपट्टीची नाटकं रंगतात. एका नाटकाचा खर्च कोण कसा उभा करतं हा गणिताचा उत्तम प्रकल्प आहे. झाडीबोलीवर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर काम केलं. पण मुलानं घरची बोली विषय म्हणून घ्यावी असं वाटत असेल, तर आधी वर्गात तिला चूक म्हणून लाल शाई लावणं थांबायला हवं.

गोसीखुर्दजवळ मात्र थोडं थांबायला हवं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या धरणानं पवनी तालुक्यातल्या कितीतरी घरांचं बिऱ्हाड हलवलं. ‘आमचं जुनं गाव’ हा प्रकल्प सुंदर होऊ शकतो: तीन वडीलधाऱ्यांना आठवणीतून गावाचा नकाशा काढायला सांगावं, तिन्ही नकाशे शेजारी ठेवावेत, आणि विहीर, देऊळ, आखर यांच्या जागा कुठे जुळतात, कुठे नाही ते पाहावं. पण जिवाजवळचा विषय दुखराही असतो. मोबदल्यावरून भावाभावांत पडलेली फूट, बापाची दारू, घरातली आत्महत्या, जातीवरून झालेला अपमान या गोष्टींना मुलाच्या आयुष्यात इतर कशाहूनही जास्त अर्थ असतो. म्हणून त्या तक्त्यावर मांडून वर्गापुढे उभं राहायला लावायचं का? माझं मत स्पष्ट आहे. मुलानं असा विषय स्वतःहून घेतला तर त्याला जपून साथ द्यावी, पण कुठल्याही शिक्षकानं तो मागू नये. आणि घेतलेला विषय अर्ध्यावर सोडला तर कारण विचारू नये.

आता सुताराच्या मुलाच्या हाती पुन्हा रंधाच येण्याच्या त्या जुन्या भीतीबद्दल. कोंढ्याच्या मुलानं धान, तलाव आणि धरण यांतच राहावं असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला कृष्णविवरं खुणावत असतील, क्रिकेट किंवा मोबाइलवरचे खेळ खुणावत असतील, तर तेही विषय होतात. कसोटी एकच: यातलं काही मी स्वतः पाहू, मोजू किंवा विचारू शकतो का? कृष्णविवर दिसत नाही, पण तारे दिसतात. गावाच्या काळोखात शहरापेक्षा जास्त दिसतात. एखाद्या नक्षत्रातले तारे महिनाभर मोजून चांदण्या रात्री किती कमी दिसतात ते नोंदवता येतं. टेनिस बॉल शेतात, डांबरी रस्त्यावर आणि शाळेच्या फरशीवर किती उसळतो ते मोजता येतं. खेळ खेळून हात चपळ होतो का, हे वरून सोडलेली पट्टी पकडून तपासता येतं. या सगळ्यांत मूल त्याच्या आवडीच्या जागी उभं राहतं आणि तिथून एक पाऊल खोल जातं.

आणि एक मोठं माणूस हवं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींना लहानपणी मुंबईत एक चिमणी वेगळी वाटली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड नावाच्या पदाधिकाऱ्यानं पोराला परत न पाठवता तो पक्षी ओळखून सांगितला आणि संग्रहातले कप्पे उघडून दाखवले. असा कप्पा उघडून दाखवणारा कोंढ्यात कृषी सहायक असू शकतो, पशुवैद्य, दंडारीतला शाहीर किंवा जाळं विणणारा ढिवर असू शकतो. शाळेनं वर्षाच्या सुरुवातीला अशा दहा-बारा माणसांची यादी केली, तर साठ मुलांचं ओझं एकट्या शिक्षकावर येणार नाही.

शेवटी वेळापत्रक. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैत रोवणी, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं उपटायला घरातली पोरंही जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, मंडया दिवाळीनंतर, आणि तलावाचा तळ दिसतो तो एप्रिल-मेमध्ये, परीक्षा आणि सुटी यांच्या मधे. शाळेचा प्रकल्प मात्र फेब्रुवारीत जमा होतो. म्हणून या भागातल्या शाळांनी पाचवी ते सातवीसाठी एक बदल करून पाहावा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून विषय न मागता प्रश्नवही सुरू करावी, आठवड्याला एक प्रश्न. सप्टेंबरात प्रत्येकाच्या वहीतून पाच-सहाच प्रश्न बाजूला काढून त्यांतला एक निवडायला सांगावा, आणि दिवाळीपर्यंत तो बदलायची मुभा द्यावी. तलावावर काम करणाऱ्या सहावीच्या मुलाला प्रकल्प सातवीत पुरा करू द्यावा. आकारिक मूल्यमापनात एवढी जागा आजही आहे. पुंजण्यावर काम करणाऱ्या मुलीची नोंदवही नोव्हेंबरातच पाहावी, कारण चुरणी झाली की पुंजणं उभं नसतं, आणि फेब्रुवारीत मागितली तर ती आठवणीनं किंवा मोबाइलवरून लिहील.